मेणवलीच्या घाटावर धुणं, मोटार आणि कॅमेरा

वाईहून धोमच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर मेणवली येतं. बहुतेक पाहुणे नाना फडणवीसांचा वाडा बघतात, कृष्णेच्या घाटावर उतरतात, मेणेश्वराच्या देवळाजवळची ती प्रचंड घंटा बघतात (१७३९ च्या वसई मोहिमेतली, चिमाजी अप्पांच्या फौजेने आणलेली) आणि फोटो काढून वाईला परततात. माझाही बेत तोच होता. पण धुणं आपटणाऱ्या बायकांजवळ टेकले आणि दुपार तिथेच गेली.

कॅमेरा गळ्यात अडकवलेला एक मुलगा म्हणाला, "मावशी, जरा सरकता का? बादली फोटोत येतेय." मावशी सरकल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घरी नळ आहे हो. पण गोधडी काय नळाखाली धुवायची?"

इथे हिंदी-मराठी सिनेमांची शूटिंग होतात. त्याला बायकांची हरकत नाही. नटी बघायला त्याच पुढे असतात! राग वेगळाच आहे. "कपडे भिजवून डोक्यावर घेऊन यायचं, आणि इथं दोरी लावलेली. आदल्या दिवशी सांगायला काय जातं?"

साबणाचा फेस थेट पात्रात जातोय, हे मला खटकलं आणि मी बोलून टाकलं. पलीकडची बाई पिळा घालता घालता म्हणाली, "आणि शेतातलं खत, औषध कुठं जातं?" उत्तर बिनतोड नव्हतं, पण खोटंही नव्हतं. फेस मात्र मला अजून खटकतोच.

वरच्या पायरीवर बसलेल्या आजोबांना या सगळ्यात काडीचा रस नव्हता. "घाटाचं काय घेऊन बसलाय? पाऊस सरला की वरच्या धरणातून सोडतील तेवढीच नदी." धोम धरण इथून जवळच, वरच्या अंगाला. नदीवर मोटार बसवायची तर पाटबंधारे खात्याची परवानगी लागते, आणि ती मिळाली तरी आवर्तन, म्हणजे धरणातून पाणी सोडायची पाळी, लांबलं की उसाला ताण बसतोच. पाहुणे पाणी बघायला येतात, आजोबा पातळी बघायला. मला वाटतं, नदीबद्दल सगळ्यांत नेमकं तेच बोलले.

उन्हं कलल्यावर गावातला एक तरुण येऊन बसला. त्याच्या डोक्यात पार्किंग, कपडे बदलायची खोली आणि बाहेरच्यांना तिकीट अशी योजना होती. तिकिटाच्या पैशातून घाट रोज झाडता येईल, म्हणाला. मला पटलं. मावशींनी बादली उचलता उचलता विचारलं, "आमाला पण तिकीट?"

"छे, गावच्या लोकांना फुकट."

"माझी लेक भुईंजला दिलीय. सणाला आली की इथंच पोहती. ती गावची का बाहेरची?"

पोराने यावर विचार केलेला नव्हता.