तुम्ही विचारलंत म्हणून: दात घरी पांढरे करू की डॉक्टरकडे?

आधी माझ्या दातांकडे बघायचं, मग आवाज खाली आणून विचारायचं, "घरी केलंस की डॉक्टरकडे?" मी "दोन्हीकडे" म्हणते. त्यावर हमखास येतं, "मग बरं कुठलं?" एकदाच सविस्तर लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी हेच वाचायला देता येईल.

मी घरचं किट आणलं ते पैसे वाचवायला, असं सगळ्यांना वाटतं. मीही तसंच सांगत आले, कारण खरं कारण सांगण्यापेक्षा कंजूष ठरणं बरं होतं. खरं म्हणजे सहा वर्षं मी दातांच्या दवाखान्याची पायरी चढले नव्हते आणि आता तोंड दाखवायची लाज वाटत होती. खुर्चीत आडवं व्हायचं, तो छोटा आरसा आत जाणार आणि डॉक्टर "हं" म्हणणार. त्या एका "हं"ची मला धास्ती होती.

किटमध्ये तयार ट्रे, जेलच्या सिरिंजा आणि एक निळा दिवा. ट्रे सगळ्यांना एकाच मापाचा, म्हणजे कुणालाच धड न बसणारा. जेल कडेनं ओघळायचं. तिसऱ्या रात्री हिरड्यांची कड पांढरीफटक पडली, फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी, आणि चरचरायला लागली. सकाळपर्यंत कमी झालं, म्हणून चौथ्या रात्री परत लावलं. (असं झालं तर थांबा, हे माहितीपत्रकात लिहिलं होतं. माहितीपत्रक मी पाचव्या दिवशी वाचलं.)

दात मात्र खरंच उजळले, हे कबूल करायला हवं. जेलमधलं पेरॉक्साइड दाताच्या आत शिरून डागांचे रंगीत रेणू फोडतं. जेल कोणी लावलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. दिव्यानं फारसा फरक पडत नाही हे नंतर कळलं. तेव्हा मी तो रोज इमानेइतबारे तोंडासमोर धरून बसायचे.

नवव्या दिवशी भाची मांडीवर बसली होती. सहा वर्षांची. माझ्या दातावर बोट ठेवून म्हणाली, "मावशी, हा एकच आजारी आहे का?"

वरच्या समोरच्या दोनांतला डावा. आठ वर्षांपूर्वी रूट कॅनल करून त्यावर पोर्सेलीनची कॅप बसवली होती. शेजारच्या दातांशी रंग इतका बेमालूम जुळवला होता की तो दात वेगळा आहे हे मीच विसरले होते. पोर्सेलीनवर या जेलचा काही परिणाम होत नाही. बाकी सगळे दात पुढे निघून गेले होते आणि तो एकटा जुन्या रंगात मागे राहिला होता.

मी बाथरूममध्ये जाऊन फोनच्या टॉर्चनं बघितलं, फोटो काढला, मोठा करून बघितला. आणि मग काय केलं? त्या रात्री त्या एकाच दातावर दुप्पट जेल लावलं. सलग तीन रात्री. जेल पसरून शेजारचे दोन्ही आणखी पांढरे झाले, तो होता तसाच. पुढचा आठवडाभर मी ओठ मिटून हसत होते. ऑफिसात दोघांनी विचारलं, कशावरून रागावलीस?

शेवटी गेले. "हं" झालंच, पण वाटलं होतं तेवढं मोठं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कॅप आहे हे माहीत नव्हतं तुम्हाला?" माहीत होतं. त्यांनी तपासलं असतं तर आधी तेच सांगितलं असतं. दोन मिनिटांचं काम.

आता डॉक्टरकडचं ऐका, म्हणजे मी त्यांची जाहिरात करतेय असं वाटायला नको. बाकीचे दात आधी एकसारखे करून घेऊ म्हणाल्या. हिरड्यांवर लेप लावून तो कडक केला आणि दातांवर ३५ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड. तासाभरात दात झळाळले. "हे वाळलेत म्हणून जास्त पांढरे दिसतायत, चार दिवसांत थोडे उतरतील," हेही त्यांनीच सांगितलं, आणि उतरले. पण त्या रात्री एकेका दातातून अशा सणका गेल्या की तोंडानं श्वास घ्यायची भीती वाटावी. रंग स्थिरावायला दोन आठवडे थांबून मग नवी कॅप.

शिवाय तुमचा "घरी की डॉक्टरकडे" हा प्रश्नच अर्धवट आहे. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड ट्रेमध्ये भरून रात्रभर घालायची घरची पद्धत १९८९ साली दंतवैद्यकाच्या नियतकालिकात आली, ती दंतवैद्यांचीच. त्या जेलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं साडेतीन टक्क्यांच्या आसपास. माप घेऊन बनवलेला असा ट्रे मी आता वापरते. तेव्हाची मी लगेच म्हणते, "म्हणजे शेवटी घरीच की!" हो बाई, पण तपासून, माप देऊन. "म्हणजे तोंड दाखवावंच लागलं." लागलं. यापुढे आमचं दोघींचं जमत नाही.

आणि झालंय असं, की नवी कॅप उजळलेल्या दातांवरून जुळवली. दात हळूहळू परत मूळ रंगाकडे निघालेत, कॅप तिथेच आहे. आधीची कॅप पिवळी दिसायची, आता ही पांढरी दिसते. म्हणून दर चार-पाच महिन्यांनी तिला गाठायला दोन-तीन रात्री ट्रे घालावा लागतो. आज दुसरी रात्र. ट्रे तोंडात ठेवूनच हे लिहितेय, तेव्हा वाचून लगेच फोन करू नका. बोलता येत नाही.