चार्जर लावलाय तरी चार्जिंग उतरतंय: आमची सांगलीतली वाटचाल

"दादा, पिन लावलेलीच आहे, लाइट पण लागतीय, तरी चार्जिंग उतरायलंय." हे वाक्य आमच्या काउंटरवर आठवड्यातनं चार-पाच वेळा तरी ऐकू येतं, आणि खरं सांगतो, आमचं लॅपटॉप रिपेअरिंगचं दुकान जे काय उभं राहिलं ते ह्याच एका तक्रारीवर. म्हणून म्हटलं वाटचाल लिहायचीय तर इथनंच सुरू करू.

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं आणि पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत एका दुकानात तीन वर्षं काढली. दिवसभर हातात बोर्ड असायचे, शिकायला भरपूर मिळालं, पण वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि सांगलीला परत यावं लागलं. 2009 च्या दसऱ्याला मारुती चौकाच्या मागं दहा बाय बाराचा गाळा भाड्यानं घेतला, आईनं भिशी उचलून 40 हजार दिले, त्यातनं एक हॉट एअर मशीन (गरम हवेनं बोर्डावरचे पार्ट काढायचं-लावायचं), एक बरा मल्टीमीटर आणि दोन टेबलं आली. पहिली तीन-चार वर्षं फॉरमॅट मारणं, व्हायरस काढणं, कार्ट्रिज भरणं ह्यावर घर चाललं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, सगळ्यांचीच सुरुवात तशी असते.

2013 ला तासगावकडचे एक रिटायर झालेले गुरुजी लॅपटॉप घेऊन आले. चार्जर लावून दोन तास बसलं की 70 टक्क्यांवरनं 40 वर यायचं. मी बॅटरीचा रिपोर्ट बघितला, बॅटरी जुनी होतीच, म्हटलं बॅटरी गेलीय, बदलूया. तेव्हा बॅटरी बाहेरनं निघायची, खटक्याची, पाच मिनिटांचं काम. 2400 रुपये घेतले. आठ दिवसांनी गुरुजी एसटीनं परत आले, अजिबात रागावले नाहीत, लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बाळ, अजून उतरतंच आहे, जरा नीट बघतोस का?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांचा चार्जर उलटा करून वाचला. त्यावर बारीक अक्षरात 19 व्होल्ट, 2.1 अँपिअर. दोन्हीचा गुणाकार करा, 40 वॅट. लॅपटॉपच्या पोटाखालच्या स्टिकरवर 19 व्होल्ट, 3.42 अँपिअर, म्हणजे 65 वॅट. त्यांचा ओरिजनल चार्जर जळालेला आणि कुणीतरी त्यांना छोट्या नेटबुकचा चार्जर दिलेला, पिन बसतीय ना मग झालं असं म्हणून. काम वाढलं की तो चार्जर दम टाकायचा, लॅपटॉप गपचूप बॅटरीवर जायचा, जरा लोड कमी झाला की परत चार्जरवर, असं दिवसभर. चार्जरचा स्वतःचा लाइट मात्र चालूच, त्यामुळं बघणाऱ्याला वाटणार वीज येतीय.

मी 65 चा चार्जर लावला आणि तासाभरात बॅटरी वर चढली. 2400 परत करायला काढले तर गुरुजी म्हणाले निम्मे दे, बॅटरी तशी जुनीच झाली होती माझी. माझा जीव इतका खाली-वर झाला की काय सांगू, कारण पेन्शनीतले पैसे होते ते, आणि मी न मोजता घेतले होते. संध्याकाळी घरी येऊन बायकोला सांगितलं. तिचं एम.कॉम. झालंय, तिनं दुसऱ्या दिवशी एक फुलस्केप वही आणली आणि रकाने आखले: चार्जरवर काय लिहिलंय, लॅपटॉपवर काय लिहिलंय, लोडवर व्होल्ट किती. हे तीन रकाने भरल्याशिवाय बॅटरी विकायची नाही. आज अकरावी वही चालू आहे.

आता लोडवर म्हणजे काय ते सांगतो, कारण खरी गोम इथंच आहे. बाजारात जे डुप्लिकेट चार्जर मिळतात त्यांना नुसता मल्टीमीटर लावला की साडेएकोणीस व्होल्ट दाखवतात, एकदम ओके. पण करंट ओढला की कोसळतात. माझ्याकडं तेव्हा महागडं लोड टेस्टर नव्हतं, मग मी मोटरसायकलच्या हेडलाइटचे 35 वॅटचे दोन बल्ब घेतले, 12 व्होल्टवाले, एकापुढं एक सिरीजमध्ये जोडले आणि फळीवर ठोकले. ते साडेएकोणीस व्होल्टवर अंदाजे अडीच अँपिअर ओढतात, म्हणजे 50 वॅटच्या आसपास. चांगला 65 चा चार्जर त्यावर 19 च्या खाली फारसा जात नाही, बल्ब स्थिर. डुप्लिकेट लावला की मीटरवर 17, 16, 15 असे आकडे डोळ्यादेखत घसरतात आणि कधी कधी बल्ब लुकलुकायला लागतात. गिऱ्हाईक समोर उभं असतं, त्याला काही समजावून सांगावं लागत नाही. आता बेंचवर नीट लोड टेस्टर आलाय पण बल्बची फळी अजून काउंटरवरच आहे, लोकांना बल्ब पटतात.

अजून एक, काही कंपन्यांच्या पिनच्या मधोमध एक बारीक सुई असते. ती वीज नेत नाही, ती लॅपटॉपला ओळख सांगते की मी अमुक वॅटचा चार्जर आहे. ती सुई वाकली किंवा आतली बारीक तार तुटली की लॅपटॉप चार्जर ओळखत नाही, मग बॅटरी चार्जच करत नाही आणि प्रोसेसरपण मुद्दाम हळू चालवतो. लोक दोन तक्रारी घेऊन येतात, चार्जिंग होत नाही आणि लॅपटॉप स्लो झालाय, आणि दोन्हीचं मूळ त्या सुईत. जॅक हलतो त्याचंही तसंच, आत सोल्डर सुटलेलं असतं, पिन जरा गरम लागली हाताला की समजायचं इथं वीज अडतीय.

ह्या तक्रारीनं आमचं नाव झालं. गुरुजींनीच जुने विद्यार्थी पाठवले, मग कॉलेजची पोरं, मग मार्केट यार्डातले अडतवाले. दोन पोरं कामाला घेतली.

मग 2019 चा ऑगस्ट. आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. ज्यांनी सांगलीत ते दिवस काढलेत त्यांना मी काय सांगणार. पाणी चौकाकडं सरकतंय कळल्यावर मी आणि बायकोनं रिक्षा करून दुकानात असलेले गिऱ्हाइकांचे 26 लॅपटॉप पोत्यात, गोधडीत गुंडाळून विश्रामबागला बहिणीकडं नेले. दुसरी फेरी करायला जमलंच नाही. आमचं हॉट एअर मशीन, स्पेअरचे डबे, बॅटऱ्यांचा स्टॉक, फर्निचर, सगळं पाण्यात. वह्या बायकोनं पहिल्याच फेरीत उचललेल्या. पाणी उतरल्यावर शटर वर केलं तर आत टेबलाएवढा चिखल आणि तो वास. आई आली, आत बघितलं आणि काही न बोलता पदर खोचून झाडू घेतला.

पण लोकांचे लॅपटॉप भिजलेले होतेच, ते आमच्याकडंच येणार. उधारीवर मशीन घेतलं आणि पुढचे सहा महिने बोर्ड धुणं, आयपीएनं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं घासणं, वाळवणं हेच चालू होतं. त्यातली एक केस मी कधी विसरणार नाही. हळदीच्या एका व्यापाऱ्याच्या दिवाणजींचा लॅपटॉप, आम्ही धुऊन दिला, चालू झाला, हिशेबाचा सगळा डेटा वाचला, सगळे खूश. पंधरा दिवसांनी आले, चार्जर लावून टॅली चालवतो तर बॅटरी उतरते. चार्जर तपासला, ओके. बॅटरी ओके. जॅक बदलला, तेच. दुसरी बॅटरी लावली, तेच. चार दिवस मी त्या बोर्डावर होतो.

चौथ्या रात्री मायक्रोस्कोपखाली जॅकच्या जवळचा एक छोटा रेझिस्टर दिसला, तांदळाच्या दाण्याएवढा, त्यावर आर शून्य एक शून्य लिहिलेलं. म्हणजे 0.01 ओहम. त्याच्या एका टोकाला हिरवट कीट चढलेलं. साध्या मल्टीमीटरनं 0.01 ओहम मोजताच येत नाही, त्याच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्याहून जास्त. मग पॉवर सप्लायवरनं त्यातनं बरोबर 1 अँपिअर सोडला आणि दोन टोकांवर मिलिव्होल्ट बघितले. 10 यायला पाहिजे होते, आले 27. आता ह्याचा अर्थ असा की चार्जिंगची आयसी, म्हणजे चार्जिंग सांभाळणारी चिप, ह्याच रेझिस्टरकडं बघून ठरवते की चार्जरमधनं किती करंट येतोय. खरा 1 अँपिअर येत असताना तिला 2.7 दिसायचा, तिला वाटायचं चार्जर फुल ताणलाय, आता ह्याच्यावर लोड नको, मग राहिलेलं बॅटरीतनं घ्या. चार्जर ठणठणीत, बॅटरी ठणठणीत, जॅक नवा, आणि मोजणाराच चुकतोय. भंगार बोर्डावरनं तसाच एक काढून लावला. रात्री पावणेएकला स्क्रीनवर 41 चे 42 झाले आणि मी एकटाच टेबलावर थाप मारून उठलो.

पुढच्या वर्षी लॉकडाऊन लागला आणि तक्रारीचं रूप बदललं. पुण्यातल्या कंपन्यांत काम करणारी पोरं-पोरी गावाकडं आली, सोबत टाइप-सीवाले नवे लॅपटॉप. कवठेमहांकाळहून एक ताई फोनवर म्हणाल्या, सकाळी 100 टक्के घेऊन बसते, चार्जर लावलेला असतो, तरी दुपारी लॅपटॉप बंद पडतो, गावातल्या कमी व्होल्टेजमुळं असणार. मी म्हटलं ताई, चार्जर 100 पासून 240 व्होल्टपर्यंत चालतो, गावाच्या लाइटचा दोष नाही, चार्जरवर काय लिहिलंय तेवढं वाचा. 9 व्होल्ट, 2 अँपिअर. मोबाईलचा, 18 वॅटचा. लॅपटॉपचा पुण्यातच राहिलेला. काही लॅपटॉप असला चार्जर घेतच नाहीत, त्यांचा घेत होता, म्हणून शंका आली नाही. हिशेब साधा आहे, दिवसभर व्हिडिओ कॉलवर लॅपटॉप 28 वॅट खातो धरा, येतात 18, दर तासाला 10 ची तूट, बॅटरी 50 वॅट-अवरची, पाच तासांत खलास. नऊला बसल्या की दोनला बंद, अगदी त्या म्हणत होत्या तसंच. 65 चा चार्जर वायरीसकट पाठवून दिला.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांचे गेमिंग लॅपटॉप येतात, त्यांना 180 किंवा 230 वॅटचा चार्जर लागतो आणि प्रवासात हलका म्हणून 90 चा वापरतात, तिथं दुसरं काय होणार. आणि एक सांगून ठेवतो, असल्या मोठ्या मशीनवर फुल रेंडरिंग चालू असताना ओरिजनल चार्जरवरसुद्धा बॅटरी थोडी उतरू शकते, काही मॉडेल तशीच बनवलेली असतात. उगाच बोर्ड उघडायला देऊ नका कुणाला. तसंच 80 टक्क्यांवर थांबतं म्हणून घाबरून येणारे खूप, ती बॅटरी जपायची सेटिंग असते, आम्ही दाखवतो आणि परत पाठवतो, त्याचे पैसे घेत नाही.

दुकान आता पहिल्या मजल्यावर आहे. 2021 च्या जुलैत पाणी परत आलं तेव्हा आमची एक वायरसुद्धा भिजली नाही. चार जण काम करतो, त्यातल्या दोघी मुली आयटीआयच्या, बोर्डावरचा हात माझ्यापेक्षा हलका आहे त्यांचा. नवीन कुणी कामाला आलं की पहिला महिना बल्बची फळी आणि वही, सोल्डरिंग आयर्न नंतर.

एक मात्र कळकळीनं सांगतो, टचपॅड वर उचललेला दिसला किंवा खालचं झाकण फुगलं तर बॅटरी फुगलीय, तेव्हा चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि घेऊन या, टोचून हवा काढायला जाऊ नका, लिथियम पेट घेतं. बाकी उतरणाऱ्या चार्जिंगसाठी जत, आटपाडीवरनं लोक नुसता लॅपटॉप घेऊन येतात, चार्जर घरी भिंतीला लटकलेला, मग अजून एक फेरी आणि एसटीचं भाडं वाया. चार्जर आणि वायर दोन्ही घेऊन या, रविवारी पण दुपारी दोनपर्यंत उघडं असतं.