केसपेपरवरून काढलेली एक गोळी

स्वादुपिंडदाहाच्या रुग्णासाठी पहिल्या रात्री आम्ही करतो ते वरून फार थोडे दिसते: वेदना शमवायच्या, सलाईन द्यायचे, लघवी मोजायची. पण सलाईन किती द्यायचे, यातच खरे कसब आहे. पूर्वी बाटल्यांमागून बाटल्या चढवल्या जात. २०२२ च्या ‘वॉटरफॉल’ चाचणीत अशा भडिमाराने आजार सौम्य होत नाही, उलट अंगात पाणी साठते, असे दिसल्यापासून मी रिंगर लॅक्टेट या सलाईनचा वेग वजनावर ठरवतो आणि दर काही तासांनी रुग्ण स्वतः तपासून बदलतो. शेहेचाळीस वर्षांच्या त्या गुरुजींच्या बाबतीतही हे नीट झाले. चूक झाली ती एका गोळीबाबत.

रक्तातले लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचे एक पाचक विकर, कितीतरी पट वाढले होते, पोटातली कळ पाठीत जात होती, आणि सोनोग्राफीत पित्ताशयात खडा नसल्याचा शेरा आला होता. गुरुजी दीड वर्षापासून नैराश्यासाठी पॅरोक्सेटीन घेत होते. निवासी डॉक्टरने केसपेपरवर ‘औषधजन्य?’ असे लिहून ती गोळी बंद केली. पॅरोक्सेटीनच्या गटातील नैराश्यरोधक औषधांनंतर स्वादुपिंडदाह झाल्याच्या तुरळक नोंदी आहेत, त्यामुळे शंका निराधार नव्हती. परंतु मानसोपचाराच्या गोळीवर संशय सर्वांत आधी जातो, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. सकाळच्या फेरीत त्या ओळीखाली मीच सही केली.

तिसऱ्या रात्री घाम, थरथर, मळमळ सुरू झाली. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखे होते, असे ते सांगत होते. रात्रपाळीच्या डॉक्टरने दारू सुटल्याची लक्षणे म्हणून पत्नीची उलटतपासणी घेतली. मी पोचलो तेव्हा त्या रडत म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, यांनी आयुष्यात थेंब घेतला नाही. रोजची गोळी तेवढी तुम्ही बंद केलीत.” पॅरोक्सेटीन शरीरातून लवकर उतरते आणि एकदम थांबवल्यास नेमकी हीच लक्षणे होतात. गोळी सुरू केल्यावर दोन दिवसांत ते शांत झाले. पुन्हा केलेल्या सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे सापडले आणि घरी जाण्यापूर्वीच पित्ताशय काढले गेले.

पुढे तोच निवासी डॉक्टर प्राण्यांवरील संशोधन वाचून आला आणि म्हणाला, “सर, ही औषधे स्वादुपिंडाला वाचवत असतील तर?” प्रश्न मोलाचा आहे. एरवी आतड्यात जागे होणारे ट्रिप्सिन हे पाचक विकर या आजारात ग्रंथीतच जागे होते; दुखावलेल्या पेशी सायटोकाईन नावाचे दाहाचा निरोप पोचवणारे रेणू सोडतात आणि दाह पसरतो. प्रयोगशाळेत उंदरांना सेरुलिन हे स्वादुपिंडाला उत्तेजित करणारे द्रव्य पुन्हा पुन्हा टोचून हाच आजार घडवतात. दाहाच्या अनेक प्रयोगांत काही नैराश्यरोधक औषधांनी टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ यांसारखे सायटोकाईन कमी केले आहेत. तथापि अशा प्रयोगांत औषध पुष्कळदा इजेच्या आधी दिलेले असते, तर आमचे रुग्ण कित्येक तास कळा सोसून येतात.

गुरुजींची गोळी मात्र आधीपासून चालू होती, आणि हेच माझ्या मनातून जात नाही. त्यांचा दाह सौम्य राहिला हे खरे. पण शंभरातील सुमारे ऐंशी रुग्णांचा तो सौम्यच राहतो. पुराव्याविना मी त्या गोळीला एकदा दोषी ठरवले होते. तितक्याच पुराव्याविना तिला तारक ठरवण्याचा मोह मला झाला, हेही मान्य केले पाहिजे. डिस्चार्ज कार्डावर ‘पित्तखड्यांमुळे’ असे कारण लिहिले आणि त्याखाली गोळी कोणी बंद केली, त्यामुळे काय झाले आणि ती पुन्हा का सुरू केली, हे सविस्तर लिहिले. दुसऱ्या एखाद्या रुग्णालयात त्यांचे पोट पुन्हा दुखेल तेव्हा तिथल्या डॉक्टरला ते वाचता यावे, म्हणून अक्षर मुद्दाम मोठे काढले.