अ‍ॅलर्जी आहे, तरी बोका घरात का?

‘डोळे एवढे लाल, शिंका थांबत नाहीत, तरी मांडीवर बोका. देऊन का टाकत नाहीस त्याला?’ हा प्रश्न नणंदेनं विचारला, वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारला आणि गेल्या रविवारी तुम्हीही विचारलात. चहा गाळता गाळता सांगण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून आज नीट सांगते.

आधी हे सांगायला हवं की मला बोक्याची अ‍ॅलर्जी आहे, हे कळायलाच दोन वर्षं लागली. आमचा बोका गोट्या आला जुलैच्या पावसात, पार्किंगमध्ये स्कूटरखाली भिजून बसलेला. माझं नाक वाहायला लागलं ऑक्टोबरात. पुण्यात शिंकांना कारणं काय कमी आहेत? पावसाळ्यात भिंतींना बुरशी, बारा महिने बांधकामांची धूळ आणि रिकाम्या प्लॉटवर गाजर गवत. हे गवत भारतात पसरायला लागल्याची नोंद १९५०च्या दशकात झाली, तीही पुण्यातूनच. आमच्या कर्वेनगरात नदीकाठाला ते कमरेएवढं वाढतं, त्यामुळे मी सगळं त्याच्याच नावावर टाकलं.

साधी सर्दी असती तर आठ-दहा दिवसांत उतरली असती. हे महिनोन् महिने चाललं. ताप नाही, नाक पाण्यासारखं, डोळ्यांना आणि आतून टाळूला खाज. गोट्यानं मनगट चाटलं की तिथे गांधी उठायच्या. मला वाटायचं, नख लागलं असेल. दिवाळीत आठ दिवस साताऱ्याला माहेरी गेले तर नाक एकदम मोकळं. परत आले, कुलूप काढलं आणि अर्ध्या तासात शिंका सुरू. गोट्या तेव्हा शेजाऱ्यांकडेच होता. घरात मांजर नसताना शिंका येतायत, म्हणजे मांजराचा काही संबंध नाही, असा हिशोब मी केला. तो साफ चुकला.

आपण ‘केसांची अ‍ॅलर्जी’ म्हणतो, पण मुख्य दोष केसांचा नसतो. मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तेलकट ग्रंथींत एक प्रथिन तयार होतं, फेल डी १ नावाचं. मांजर अंग चाटतं, ते केसांवर वाळतं आणि त्याचे अतिसूक्ष्म कण कोंड्याबरोबर उडतात. ते तासन् तास हवेत तरंगतात, पडद्यांना, गाद्यांना, भिंतींना चिकटतात. मांजर कायमचं गेलं तरी घरातून ते उतरायला कित्येक महिने लागू शकतात. माझ्या आठ दिवसांनी काय होणार होतं?

शेवटी डॉक्टरांनी हातावर थेंब टाकून टोचून बघण्याची चाचणी केली. त्याआधी आठवडाभर सेटिरिझिन, म्हणजे अ‍ॅलर्जीची गोळी, बंद ठेवायला लावली, नाहीतर निकाल दबतो. वीस मिनिटांत मांजराच्या थेंबाखाली फुगलेली, तांबडी गांध. गाजर गवताची जागा सपाट. इतकी वर्षं त्या गवताला बोल लावला होता.

डॉक्टरांनी पहिला सल्ला तोच दिला, जो तुम्ही देताय. वैद्यकाच्या दृष्टीनं तोच सगळ्यात खात्रीचा आहे, मी ते नाकारत नाही. मी तीन महिने मागून घेतले. त्यांनी छातीची फुंकायची चाचणी केली, ती चांगली आली, म्हणून हो म्हणाल्या.

तेव्हापासून झोपायच्या खोलीचं दार गोट्याला बंद. पहिले पंधरा दिवस तो रात्री दार खरवडायचा आणि मी आत जागी. आजीची गोधडी, ज्यावर तो झोपायचा, ती धुऊन बहिणीला दिली. ते फार जड गेलं. आता चादरी दर आठवड्याला कडक पाण्यात धुते. कोरडा झाडू बंद, कारण त्यानं सगळं परत हवेत जातं. ओल्या फडक्यानं पुसते. त्याला विंचरतात हे, गॅलरीत. नाकाचा स्प्रे रोज, त्रास असो वा नसो. नसबंदी केलीच होती. त्यानं बोक्याच्या अंगात हे प्रथिन कमी तयार होतं. अंघोळही घालून पाहिली. चार-सहा दिवसांत सगळं पूर्ववत, आणि तो बिचारा थरथरत राहिला, म्हणून थांबवली. ‘अ‍ॅलर्जी न होणारी’ जात म्हणून कुणी महागडं पिल्लू दाखवलं तर घेऊ नका. थोड्याफार फरकानं हे प्रथिन सगळ्याच मांजरांत असतं.

डिसेंबरात खिडक्या बंद झाल्या की अजूनही त्रास वाढतो. पण शिंका सोसता येतात, श्वास नाही. छातीत शिट्टी वाजायला लागली, रात्री खोकल्यानं उठावं लागलं, तर गोट्या साताऱ्याला बहिणीकडे जाईल, हे आम्ही घरात बोलून ठेवलंय. माझ्या मैत्रिणीच्या मुलाला दमा निघाला, तेव्हा तिचं मांजर नव्या घरी सोडायला मीच बरोबर गेले होते. दोघी रडलो. तिनं केलं ते बरोबरच होतं.

आणि हो, रविवारी तुम्हीही निघताना डोळे चोळत होतात. पुढच्या वेळी यायच्या आधी फोन करा. मी फरशी पुसून ठेवीन, आपण गच्चीवर बसू.