आमराईतली घडीची खुर्ची

गेल्या दिवाळीनंतर माझं अंथरुणातून उठणंच बंद झालं. पाय चालत होते, पण दात घासायचे म्हटलं तरी अंगावर काटा यायचा. वय ७१. साखर १८ वर्षांची, जोडीला दमा. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर ३४ वर्षं दिवाणजी होतो. खतावणीत रुपयाचा फरक आला तर सापडेपर्यंत झोप यायची नाही. त्याच मला किल्ली कुठे ठेवली ते आठवेना, आणि आठवावंसंही वाटेना.

घरचे म्हणायचे, पेपर वाचा, मन रमेल. मी निधनवार्तांपर्यंत सगळा वाचायचो. मन काही रमलं नाही. शेवटी लेकीने मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. ते म्हणाले, "काका, हा आळस नाही, नैराश्याचा आजार आहे." एवढ्यानेच मला रडू फुटलं. गोळ्या सुरू झाल्या. अजून आहेत, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी त्या सोडू नयेत.

चीगाँग, म्हणजे श्वासाबरोबर संथ हालचाली करायचा चिनी व्यायाम, शिकवलं भाचीने. ती फिजिओथेरपिस्ट आहे. "मामा, खुर्चीत बसून केलंत तरी चालतं," म्हणाली, म्हणून तर मी तयार झालो. त्यात बादुआनजिन नावाचा आठ हालचालींचा जुना संच आहे. पहिलीत बोटं गुंफून, तळवे वर करून, आभाळ उचलल्यासारखे हात न्यायचे. वर जाताना श्वास आत, खाली येताना बाहेर. दुसरीत धनुष्य ओढायचं. ते करताना छाती कशी मोकळी होते, हे दमेकऱ्यालाच कळेल. श्वास मात्र कोंडायचा नाही. पहिले आठ दिवस मी फक्त पहिली हालचाल केली, तीही तीनदाच. त्याहून जास्त कुणी मागितलं असतं तर मी पुन्हा आडवा झालो असतो.

भाचीने हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातला एक अभ्यास सांगितला, २००६ साली छापून आलेला. नैराश्य किंवा त्याची स्पष्ट लक्षणं असलेली ८२ वयस्क माणसं. काहींना १६ आठवडे चीगाँग, बाकीच्यांना तेवढाच वेळ एकत्र बसून पेपरवाचन. चीगाँग करणाऱ्यांचं नैराश्य जास्त उतरलं, आपल्याला जमेल हा विश्वासही वाढला. पेपरचं ऐकलं आणि मी उठून बसलो. माझीच गोष्ट होती ती!

आता सकाळी साडेसहाला घडीची खुर्ची घेऊन आमराईत जातो. आम्ही पाच जण आहोत. एक निवृत्त एसटी कंडक्टर आहेत. २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं तेव्हापासून ते फारसं बोलत नाहीत. इथेही बोलत नाहीत, पण एक दिवस चुकवत नाहीत. शेवटच्या हालचालीत उभं राहून सात वेळा टाचा उचलून खाली टेकवायच्या असतात. माझा तोल जातो, म्हणून मी खुर्चीची पाठ धरतो. परवा मी डगमगलो तेव्हा त्यांनी न बोलता माझा दंड धरला.

साखर आणि दमा आहेत तिथेच आहेत. काही सकाळी अजूनही जड जातात. पण घरातला दुधाचा हिशोब मी पुन्हा माझ्याकडे घेतलाय. मागच्या महिन्यात दोन लिटरचा फरक आला. रात्री अकरापर्यंत बसून शोधून काढला.