सावकाश शिजवलेले अळणी पाणी

कोल्हापुरी जेवणाचा विषय निघाला की तांबड्या आणि पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या लगेच डोळ्यांसमोर येतात, परंतु या दोन्ही वाट्या ज्या एका पातेल्यातून भरतात, त्या अळणी पाण्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. मिरची अजिबात न घालता आले, लसूण, कांदा, हळद आणि मीठ एवढ्यावर मटण शिजवले की त्याचा जो अर्क उतरतो, तो हा. लहान मुलांना, बाळंतिणीला आणि तापातून उठलेल्या माणसाला तो गरमागरम प्यायला देण्याची पद्धत आमच्या भागात आहे, आणि माझ्या दृष्टीने त्याचे मोल झणझणीत रश्श्यापेक्षा जास्त आहे.

अळणी पाण्याची चव मटण निवडतानाच ठरते. नुसते मऊ तुकडे घेतले तर पाणी पांचट होते. नळी, मान आणि चाप यांचे हाडासकट तुकडे मागून घ्यावेत. हाडांभोवतीच्या चिवट पडद्यांत आणि सांध्यांत कोलॅजन असते, ते मंद उष्णतेवर हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन होते आणि त्यामुळेच घोट घेतल्यावर ओठांना किंचित चिकटपणा जाणवतो. चांगले जमलेले अळणी पाणी फ्रिजमध्ये ठेवले की थिजून थरथरते, आणि वर चरबीचा पांढरा थर धरतो.

एक किलो मटणाला मी साधारण दोन लिटर पाणी धरतो. थोड्या तेलावर कांदा मऊ करून आले-लसणाचे वाटण आणि मटण परतावे, मीठ सुरुवातीला बेतानेच घालावे, कारण पाणी आटत जाईल तसा खारटपणा वाढतो, आणि मटणाला स्वतःचे पाणी सुटू द्यावे. त्यानंतर पातेल्यावर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओतावे. आतली वाफ ताटाच्या तळाला लागून पुन्हा थेंबाथेंबाने खाली उतरते, आणि ताटातले पाणी तापले की तेच मटणात ओतून ताट पुन्हा भरायचे. असे केल्याने पातेल्यात कधीही गार पाणी पडत नाही आणि उकळी मोडत नाही. वर येणारा करडा फेस झाऱ्याने काढून टाकावा. आच मंदच हवी. खळखळ उकळले तर चरबी पाण्यात मिसळून ते गढूळ होते. मटण कोवळे असेल तर तासाभरात शिजते, जून असेल तर दीड तास किंवा त्याहून अधिक लागतो. कामाच्या दिवशी मीही कुकर लावतो, मटण त्यातही उत्तम शिजते, परंतु आत काय चालले आहे ते दिसत नाही, फेस काढता येत नाही आणि मध्ये चव घेऊन पाहता येत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी पातेलेच चढवावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पांढऱ्या रश्श्याचा बेत असेल तर हळद चिमूटभरच टाकावी, नाही तर रंग पिवळा येतो. खसखस, तीळ आणि काजू भिजवून गंधासारखे बारीक वाटावेत, दालचिनी, लवंग, वेलदोडे व मिरी यांची तुपात फोडणी करून त्यात हे वाटण परतावे आणि मग अळणी पाणी ओतावे. नारळाचे घट्ट दूध अगदी शेवटी घालून सतत ढवळत राहावे आणि उकळी फुटण्याआधी गॅस बंद करावा, अन्यथा दूध फाटते आणि रश्श्याचा सगळा मुलायमपणा जातो.

उरलेले अळणी पाणी बाहेर तसेच ठेवू नये. पसरट भांड्यात लवकर गार करून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे आणि तीन दिवसांत संपवावे. दुसऱ्या दिवशी वरची चरबी चमच्याने काढून, चांगली उकळी आणून, त्यात मऊ भात कालवला आणि वरून ताजी मिरपूड घातली की रात्रीच्या जेवणाला आमच्या घरी दुसरे काही करावे लागत नाही.