पन्नास फुटांची रेघ

मारुती चौकामागच्या गल्लीत शिरले तेव्हा हातातल्या नकाशावर ती गल्ली कोरडी होती. 2019 च्या महापुराचा सांगलीचा हा नकाशा मीच केला होता, आणि त्याच्या भरवशावर गल्लीतली शाळा निवारा केंद्र म्हणून सुचवलीही होती. मे महिना होता. पडताळणी म्हणून चार घरं विचारायची, एवढंच काम.

पहिल्याच घरातल्या आजींनी मला आत नेलं. दाराच्या चौकटीवर तेलरंगाची रेघ होती. "ह्ये एकोणीसचं. खाली हाय ते एकवीसचं. कोरडं कोण म्हणतंय, पोरी?"

मला बोलता येईना. त्या शाळेत माणसं नेली असती तर?

सेंटिनेल-1 या उपग्रहाचं रडार ढगांतून आरपार बघतं, म्हणून पुरात त्याचाच आधार. उघड्यावरचं शांत पाणी रडारची लहर पलीकडे फेकतं, उपग्रहाकडे काही परतत नाही, ते काळं दिसतं. नदीकाठच्या मळ्या तशाच काळ्या आल्या होत्या. पण दाट वस्तीत लहर पाण्यावरून भिंतीवर आपटून माघारी जाते आणि बुडालेली गल्ली उलट उजळ दिसते. उभ्या उसातही फसगत होते: पाणी बुडख्याशी, रडारला दिसतो पाला. हे मी शिकले होते, तरी काळ्या रंगावरच विसंबले.

दुपारभर ऑटो लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, लावून रेघा मोजल्या. आजींच्या उंबऱ्यापासून रेघ साडेसात फुटांवर, शेजारच्या तीन घरांतल्या रेघाही त्याच पातळीला. 2019 च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या मापपट्टीवर पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. वजाबाकी केली तर उंबऱ्याला पाणी लागतं ते साधारण 50 फुटांना.

मी आकडा सांगायच्या आधीच आजी म्हणाल्या, "पुलावर पन्नास झालं की आम्ही धान्य माळ्यावर टाकतो. आणि नदी समोरनं येत न्हाई बाई, मागनं नाल्यानं येती."

तो नाला माझ्या उंचीच्या नकाशात नव्हताच. त्यातला एकेक चौकोन 30 मीटरचा, त्यात चार-पाच मीटरचा नाला कुठून दिसणार? आजींच्या नातवाला घेऊन मी तो पायी चालले, जीपीएसवर बिंदू घेत.

संध्याकाळी शाळेवर काट मारली. निळ्या-कोरड्या रंगांचा नकाशा बाजूला ठेवला आणि नव्या कागदावर गल्लीगणिक फूट लिहायला घेतले, आयर्विनवरचे. आजींच्या गल्लीवर 50. पुढच्या गल्लीत अजून कुणाच्या चौकटीवर रेघ आहे, ते विचारायला उद्या परत जायचं होतं.